बेबीताईंची बाजू

त्या रविवारी पांढरकवड्याच्या मैदानावर आमच्या मुलींचा सॉफ्टबॉलचा सामना सुरू होता. मैदानाच्या कडेला चहा-आलुबोंड्याची गाडी लावणाऱ्या गजाननभाऊंचा फोन वाजला. त्यांनी कढईखालचा गॅस बंद केला आणि फोन कानाला लावून ते तसेच उभे राहिले. भर सामन्यात गजाननभाऊ कधी गॅस बंद करत नाहीत. मी समजले. बेबीताई गेल्या होत्या... यवतमाळच्या दवाखान्यात काही दिवसांपासून त्या होत्याच, पण शुक्रवारी बरं वाटतंय म्हणून निरोप आला होता आणि आम्ही सगळे निर्धास्त झालो होतो. आमचे कोच जाधव सर यांनी अंपायरना सांगून खेळ थांबवला. दोन्ही टीमच्या मुली मधोमध येऊन उभ्या राहिल्या. पुढं काय करायचं ते कोणालाच कळेना, म्हणून सरांनी बेबीताईंच्या मुलाला, मिलिंदला, फोन लावला. तो म्हणाला, "सर, मॅच बंद नका करू. आई मले विचारन, काहून बंद केली म्हणून." आई आता काही विचारणार नाही, हे त्याच्या अजून मनात उतरलं नसावं. आमच्याही नाही. मुलींनी डोळे पुसले, टोप्या डोक्यावर ठेवल्या आणि खेळ पुढे सुरू झाला.

बेबीताई मेश्राम एसटीत कंडक्टर होत्या. पांढरकवडा डेपोत बायका कंडक्टर म्हणून दिसायला लागल्या तेव्हा पहिल्या दोघी-चौघींत त्या होत्या. नवरा लवकर गेला, मिलिंदला त्यांनी एकटीनं शिकवलं, आणि रिटायर झाल्यावर घरात बसून बसून त्यांचा जीव घुसमटला. मैदानावर त्या आल्या त्या निव्वळ फिरायला. मी तिथं असायचे, कारण माझी मुलगी गौरी टीममध्ये होती, सेकंड बेसवर. बेबीताई तारेच्या कुंपणाशी थांबल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "हे काय खेळून राह्यल्या बाप्पा पोरी? क्रिकेट नोहे हे!" मी म्हटलं, सॉफ्टबॉल. बेसबॉलची धाकटी बहीण समजा. त्या आत येऊन माझ्याशेजारी बसल्या आणि सामना संपेपर्यंत उठल्या नाहीत. पुढच्या रविवारी पुन्हा आल्या. बाकी आम्ही सगळे प्रेक्षक म्हणजे कोणाचे ना कोणाचे आईबाप, काका-मामा. बेबीताईंचं मैदानावर कोणीच खेळत नव्हतं. "माह्यं कोण खेळते ते मी हळूहळू ठरवीन," असं त्या म्हणायच्या, आणि मग त्यांनी सगळ्यांनाच आपलं ठरवून टाकलं.

आवाज कंडक्टरचाच. फिल्डिंग करणाऱ्या मुली बेसला चिकटून उभ्या राहिल्या की इकडून आरोळी जायची, "चला, मागं सरका, मागं जागा हाय!" मुली हसायच्या, पण सरकायच्या. खेळाचे नियम त्यांनी गौरीकडून समजून घेतले आणि आपल्या भाषेत लावले. चेंडू टाकणाऱ्या पिचरचे चार बॉल बाहेर गेले की समोरची बॅटर न मारता आरामात चालत पहिल्या बेसवर जाते. बेबीताई तिला विनातिकीट म्हणायच्या. "पाहा मॅडम, चढली पुन्हा एक विनातिकीट!" मी शाळेत मराठी शिकवते, म्हणून मी मॅडम. वयानं त्या माझ्या आईच्या जवळपासच्या, तरी मी त्यांना ताईच म्हटलं.

ज्या सीझनची मला सगळ्यात जास्त आठवण येते, त्यात असे विनातिकीट प्रवासी फारच झाले होते. आमची पिचर निकिता टेकाम. पांढरकवड्यापासून आत, सागाच्या जंगलाच्या कडेला असलेल्या एका कोलामपोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची, ही मुलगी इथं वसतिगृहात राहून शिकत होती. आदल्या वर्षी तिच्या खालून फिरवून टाकलेल्या चेंडूला जिल्ह्यातल्या मुली घाबरत. मात्र त्या आदल्या सीझनच्याच अगदी शेवटच्या सामन्यात तिचा एक चेंडू कळंबच्या श्रावणीला लागला आणि श्रावणीचं मनगट मोडलं. खेळात असं होतं. सगळे हळहळले आणि विसरले. पुढचा सीझन सुरू झाला, आणि निकिताचा चेंडू जागेवर पडेचना. कधी बॅटरपासून पार दूरून, कधी तिच्यामागच्या कॅचरच्या डोक्यावरून. आमच्या मुली उन्हात नुसत्या उभ्या राहायच्या आणि समोरच्या टीमच्या मुली चालत चालत बेस भरायच्या. एकापाठोपाठ एक सामने हातातून गेले.

अशा वेळी मैदानाच्या कडेला जे होतं ते आमच्याकडेही झालं. गजाननभाऊंच्या गाडीभोवती दर रविवारी सभा भरू लागली. कोणी म्हणे तिचा पाय चुकतो, कोणी म्हणे खांदा दुखत असेल, कोणी म्हणे कॅचर बदला. अशात कळंबच्या कोचनी जाधव सरांना स्वतःहून सुचवलं: आमच्याकडे दोन पिचर आहेत, एक सीझनभर तुम्ही घ्या, निकिता आम्हाला द्या, आम्हाला फिल्डिंगला लांबून फेकणारी मुलगी पाहिजे. आमच्या लीगमध्ये अशी अदलाबदल चालते. ही बातमी फुटली आणि गाडीभोवती दोन तट पडले. मी, निकिता द्यावी या बाजूची होते. टीम हरत होती, गौरी घरी येऊन जेवत नव्हती, आणि कळंबची ती पिचर चांगली आहे हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. गजाननभाऊ माझ्या बाजूनं. बेबीताई विरुद्ध, आणि एकट्या असूनही सगळ्यांना भारी.

"पोरगी व्हय ते, बैल नोहे बाजारात बदलाले," त्या म्हणाल्या.

"ताई, तिला कोणी हाकलत नाहीये. तिलाही तिथं मोकळं वाटेल."

"तुमाले काय मालूम तिले काय वाटते?"

"आणि तुम्हाला मालूम आहे?"

बेबीताईंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. असा त्यांचा स्वभाव होता. वाद घालताना त्या मागे हटत नसत, पण समोरच्याच्या बोलण्यात तथ्य दिसलं की तिथल्या तिथं थांबायच्या. त्या सरळ मैदान ओलांडून, सामान आवरत बसलेल्या निकिताजवळ गेल्या. दोघी बराच वेळ बसलेल्या आम्हाला लांबून दिसत होत्या. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"तिले जायचं हाय," त्या म्हणाल्या. मग थांबत थांबत त्यांनी सांगितलं. निकिताला चेंडू टाकायची भीती वाटत होती. हात वर गेला की त्या मोडलेल्या मनगटाचा आवाज कानात यायचा, आणि ती मुद्दाम नाही, पण आपोआप चेंडू लांब टाकायची. हे तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. आता तिला पिचिंग नको होतं. आणि कळंबच का, तर श्रावणी त्याच टीममध्ये होती. 'मले तिच्याशी एकदा बोलाचं हाय मावशी, पण समोर जाची हिंमत नाही होत,' असं ती म्हणाली होती.

मग ज्या बेबीताई तावातावानं विरोध करत होत्या, त्याच जाधव सरांकडे जाऊन म्हणाल्या, "सर, देऊन टाका. अन् पहिल्या खेपेला तिच्यासंग मी जातो."

त्या खेपेची हकीगत त्यांनी मला इतक्यांदा सांगितली की मीच गेले होते असं मला वाटतं. सकाळची गाडी, यवतमाळला बदलून कळंब. स्टँडवर उतरल्यावर निकितानं चिंतामणीच्या देवळात जाऊन येते म्हटलं, तर बेबीताई तिची पिशवी सांभाळत बाहेर बसल्या. "तुहा देव तू पाह्य, मी तुही पिशवी पाह्यतो," असं तिला म्हणाल्या, तेव्हा पोरगी पहिल्यांदा हसली. मैदानावर मात्र दोन्ही मुली एकमेकींसमोर नुसत्या उभ्या. शेवटी श्रावणीनं हात पुढे केला, मनगट गोल फिरवून दाखवलं आणि म्हणाली, "पाह्य, पुरं फिरते." निकिता तिथंच मटकन खाली बसली आणि रडली. सांगताना बेबीताई स्वतःचं मनगट तसंच फिरवून दाखवायच्या आणि त्यांचेही डोळे भरायचे.

अदलाबदल आम्हाला मानवली. कळंबची पिचर नेमकी होती, आमच्या मुलींच्या हातात चेंडू येऊ लागले, गौरी घरी येऊन पोळ्यांवर पोळ्या खाऊ लागली. माझं म्हणणं खरं ठरलं म्हणून मी थोडी मिरवलेही. बेबीताईंनी ते मनमोकळेपणानं मान्य केलं. पण त्यांचा कार्यक्रम आता दुप्पट झाला. एका रविवारी आमचा सामना, दुसऱ्या रविवारी गाडी पकडून कळंबचा. गजाननभाऊ चिडवायचे की ताईंची पुन्हा ड्यूटी लागली.

मग कळंबची टीम आमच्याकडे खेळायला आली. निकिता लांब, पार बाभळीपाशी उभी होती. गौरी तिसऱ्या बेसवरून होमकडे सुसाट पळाली आणि आम्ही सगळे रन झाला म्हणून उठलो, तेवढ्यात बाभळीपासून आलेला चेंडू थेट होमवर कॅचर म्हणून उभ्या असलेल्या श्रावणीच्या हातमोज्यात पडला. गौरी आऊट. मैदान चिडीचूप. एकट्या बेबीताई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.

गजाननभाऊ तणतणले, "ताई, तुम्ही हाय तरी कोणाच्या बाजूनं?"

"पोरीइच्या," त्या म्हणाल्या, आणि टाळ्या चालूच ठेवल्या.

त्याच सामन्याच्या शेवटाकडे कळंबच्या पिचरचा पाय मुरगळला. त्यांची दुसरी पिचर तर आमच्याकडे होती. त्यांचे कोच इकडेतिकडे पाहू लागले. श्रावणीनं मास्क काढला, चेंडू उचलला आणि चालत थेट बाभळीकडे निघाली. काय बोलली ते आम्हाला ऐकू आलं नाही. एवढं दिसलं की निकिता मान हलवून नाही नाही म्हणतेय आणि श्रावणी तिच्या तळव्यात चेंडू ठेवून, तिची बोटं स्वतःच्या हातानं मिटतेय. निकिता मधे येऊन उभी राहिली. पहिला चेंडू श्रावणीच्या डोक्यावरून गेला. दुसरा जमिनीवर आपटला. मी बेबीताईंकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या गप्प होत्या, हात मांडीवर, ओठ घट्ट मिटलेले. मी हळूच म्हटलं, ओरडा ना काहीतरी. त्यांनी मान हलवली. "नाई. आता तिले कोणाचाच आवाज नको ऐकू यायले."

तिसरा चेंडू सरळ गेला. अगदी सरळ. श्रावणीच्या मोज्यात तो बसल्याचा आवाज आमच्यापर्यंत आला. आम्ही तो सामना हरलो, आमचीच मुलगी आमच्याविरुद्ध जिंकली, आणि घरी जाताना गौरी म्हणाली, "आई, निकू आली परत!" हरलेल्या टीमची मुलगी असं म्हणते, यावरून काय ते समजा.

बेबीताईंना मी शेवटची भेटले ती यवतमाळच्या दवाखान्यात. बोलताना धाप लागत होती, तरी पहिला प्रश्न मैदानाचाच. मी सांगितलं की यंदाची पिचरही डळमळतेय, आणि गाडीभोवती पुन्हा अदलाबदलीची चर्चा सुरू आहे. त्यांना बरंच वाटलं. "भांडू द्या," त्या म्हणाल्या, "भांडून राह्यले म्हणजे येऊन राह्यले." मग मिलिंदला म्हणाल्या, मॅडमले चहा पाज. मी निघताना त्यांनी माझा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला होता... ते मला नंतर आठवलं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर भरलं होतं. बुद्धवंदना झाली, मिलिंदनं सगळ्यांना आग्रहानं जेवायला बसवलं. निकिता आणि श्रावणी एकत्रच आल्या होत्या. दोघी आता यवतमाळला शारीरिक शिक्षणाचा कोर्स करतात, एकाच खोलीत राहतात. निकितानं मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं की सुटीत ती पोडावरच्या लहान मुलींना खेळ शिकवते. हातमोजे कमी आहेत, पण मुली भरपूर. "मॅडम, रविवारी या ना. आमच्याकडे बसून पाहणारं कोणीच नाही."

माझी गौरी आता नागपूरला नोकरीला आहे. मैदानावर माझं कोणी खेळत नाही. तरी मागच्या रविवारी मी पोडावर गेले. रस्ता संपतो तिथून थोडं चालावं लागतं. कापूस वेचून झालेल्या शेतात चुन्याच्या रेघा मारल्या होत्या, बेस म्हणून पोती अंथरली होती. पिचरच्या जागी एक चिमुरडी उभी, फ्रॉकवर मोठ्या बहिणीचा शर्ट घातलेली. तिनं हात गरकन फिरवला आणि चेंडू निकिताच्या, माझ्या, सगळ्यांच्या डोक्यावरून शेजारच्या तुरीत गेला. चेंडू एकच होता. सगळा खेळ तुरीत घुसला. चिमुरडी तेवढी जागेवर उभी होती, आता रडू की नको अशा बेतात. मी तिला म्हटलं, "लय जोर हाय तुह्या हातात. चल, दोघी मिळून शोधू." ती आली. उंच तुरीत शिरून, फांद्या बाजूला करत आम्ही वाकून वाकून शोधत राहिलो, आणि कुठूनतरी निकिता हाका मारत होती, "सापडला का? मॅडम, सापडला का?"