दहा खुंट्या आणि एक पीएचडी

पीएचडीत डेटा साठतो म्हणतात. साफ खोटं! डेटा जेमतेम एका पेनड्राइव्हभर होतो. किस्से मात्र इतके, की आमच्या मुळशीच्या लॅबमध्ये चहा पुरत नाही. त्यातले निम्मे एकट्या सुषमाचे. ही माझी लॅबमेट. ताम्हिणीचा एक उतार पावसात किती सरकतो, हा तिचा विषय. त्यासाठी उतारावर दहा लोखंडी खुंट्या ठोकायच्या आणि त्या किती हलल्या ते मोजत राहायचं. एवढंच! म्हणे.

*

खुंट्या ठोकायला घेतल्या, तर अर्धं गाव गोळा! हल्ली इकडे कुणी टेप काढली, की जमीन विकली असंच लोक धरतात.

"किती गुंठं इकलं?" एका काकांनी दरडावलं.

"विकायचं नाही हो काका. जमीन सरकते का ते बघतोय."

"सरकती तर! माझ्या भावानं बांध दोन फूट सरकवलाय. आधी त्यो मोजा!"

मोजला! त्याशिवाय त्यांनी काढून घेतलेला हातोडा परतच दिला नाही.

*

पहिल्या पावसाळ्याचा ग्राफ आमच्या गाईडनी उलटा धरूनही बघितला. मग म्हणाले, "सुषमा, तुमचा डोंगर वर चढतोय."

धावत ताम्हिणी गाठली. बघतो तर खुंटीखुंटीला शेळी, आणि प्रत्येक शेळी वरच्या गवताकडे जीव खाऊन ओढतेय! मालकीण हिराबाई उलट खूश. "लई ब्येस खुंट्या हायेत गं पोरी! कुणी ठोकल्या?"

सुषमा मटकन खाली बसली आणि रडली. अख्खं वर्ष पाण्यात गेलं होतं. कारण कळल्यावर हिराबाईंचंही तोंड उतरलं. मग सुषमाने डोळे पुसले, हातोडा काढला आणि पहिली खुंटी नव्याने ठोकली. दुसरी हिराबाईंनी धरली.

*

दुसऱ्या पावसाळ्यात सुषमाची परदेशातल्या पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या नोकरीची, ऑनलाइन मुलाखत आली. रेंज फक्त घाटातल्या ढाब्यावर. ढाबेवाल्या अण्णांनी मिक्सर बंद केला आणि गिऱ्हाइकांना दम भरला, "पोरीची मुलाखत चाललीया. कुनी काय मागायचं न्हाई!" पाऊण तास सगळे मुकाट.

"मिळाली का नोकरी?" अण्णांनी विचारलं.

"मिळाली! पण होळीच्या आत पीएचडी झाली तरच. नाहीतर जागा दुसऱ्याला."

"म्हंजी अजून झालीच न्हाई? आन् आमी भजी थांबवली व्हय!"

*

थिसिसला मदतनिसांची यादी जोडायची होती.

"मावशी, तुमचं पद काय लिहू?" सुषमाने हिराबाईंना विचारलं.

"लिव की, खुंट्यांची राखनदार."

ऑफिसने फॉर्म परत पाठवला, असं पद नाही म्हणून. सुषमाने तोच फॉर्म तसाच पुन्हा दिला. तीनदा! चौथ्यांदा ऑफिस दमलं.

*

आणि मग व्हायवा, म्हणजे थिसिसची तोंडी परीक्षा. होळीला आठवडा उरलेला. हॉल भरलेला, बाहेरून आलेले परीक्षक भलते कडक. त्यांनी नेमकं विचारलं, "दुसऱ्या वर्षी खुंट्यांना कुणी हात लावला नाही, हे कशावरून?"

सुषमा पांढरी पडली. सगळा थिसिस त्या एका प्रश्नावर अडला होता.

शेवटच्या रांगेतून हिराबाई उठल्या. "मी हाय की! रोज तितंच असती."

"पण आज तर तुम्ही इथे आहात. आज तिथे कोण आहे?"

"आमचं मालक बसल्यात. शेळ्या घरात कोंडल्यात. पोरीचं हुईस्तवर येक बी सोडनार न्हाई!"

परीक्षकांनी थिसिस मिटला.

"मग लवकर आटपू या," ते म्हणाले. "शेळ्या उपाशी असतील."