शास्त्रज्ञाने सुधारलेलं मशीन

लाकडाच्या वखारीत मालकिणीच्या धाकट्या दिराला सगळे ‘शास्त्रज्ञ’ म्हणत. चेष्टेने म्हणत, हे त्याला सोडून सगळ्यांना कळत होतं. बऱ्याच नोकऱ्या सोडून तो थोरल्या भावाच्या वखारीत येऊन टेकला होता, आणि प्रत्येक ठिकाणचा साहेब कसा गाढव होता हे तोंडात घास ठेवून सांगत असे.

नवरा टेम्पोने गिऱ्हाइकांकडे लाकूड पोचवायचा. ओंडके फोडणं तिच्याकडे. मशीन साधं होतं. तेलाच्या दाबाने दट्ट्या सरकायचा आणि ओंडका पाचरीवर रेटून त्याच्या दोन फाका करायचा. फक्त त्या फाका धाडकन पायावर पडत.

“भावजी, बाजूला एक फळी तेवढी जोडून द्या,” ती म्हणाली.

“फळी कुणीही जोडेल. मी मशीनच सुधारतो.”

तिथून तिच्या डोक्याला ताप सुरू झाला. त्याने पाचरीला आडवं पातं जोडलं, एका दमात चार फाका पडाव्यात म्हणून. ते इतकं तिरकं बसलं की तिसरी फाक कायम अडकायची. ती मोकळी करताना ओंडका कुऱ्हाडीने फोडलेला बरा, असं तिला वाटे. मशीनला दोन दांडे होते, दोन्ही हातांनी धरायचे, म्हणजे हात दट्ट्यापुढे जायला नको. एक हात मोकळा राहावा म्हणून एक दांडा त्याने दाबून तारेने बांधून टाकला. “बनवणारे घाबरट,” म्हणाला. तिने तार कापली, त्याने पुन्हा बांधली.

“करू दे गं, हौस आहे त्याला,” नवरा म्हणाला.

“हौस त्यांची, बोटं कुणाची?”

नवऱ्याने टेम्पोची किल्ली उचलली आणि काढता पाय घेतला.

एके दिवशी बेकरीवाला भट्टीसाठी लाकूड न्यायला आला. प्रेक्षक मिळाल्यावर शास्त्रज्ञाच्या अंगात आलं. त्याने वखारीतला सगळ्यात गाठाळ ओंडका मशीनवर चढवला. ओंडका अर्ध्यात रुतला. दट्ट्या कण्हू लागला.

“बंद करा,” ती म्हणाली.

“वहिनी, यातलं तुम्हाला कळत नाही.” मोकळा दांडा गुडघ्याने रेटून, एका हाताने ओंडका धरून दुसऱ्या हाताने त्याने दाब वाढवायचा स्क्रू आवळला.

तेलाची नळी फाटकन फुटली. बेकरीवाल्याचा पांढरा शर्ट काळा झाला, पातं तुटून पत्र्यावर आदळलं आणि शास्त्रज्ञ भुशात उताणा पडला. तिने इंजिन बंद केलं, धावत जाऊन त्याचे दोन्ही हात धरले, बोटं उघडून एकेक पाहिलं. सगळी जागेवर होती. ती त्याच्या शेजारीच भुशात बसली.

त्याने हात सोडवून घेतले. “लाकूडच भिकार होतं,” तो म्हणाला.

झालं. क्षणापूर्वीची माया कुठल्या कुठे गेली.

“उठा भावजी. आधी त्यांचा शर्ट पुसा,” ती म्हणाली, आणि तेलकट फडकं त्याच्या मांडीवर टाकलं.

दुसऱ्या दिवशी तिने बोलावलेल्या वेल्डरने त्याच्या सगळ्या सुधारणा कापून काढल्या आणि जाता जाता फळीही बसवून दिली. शास्त्रज्ञाला तिने लाकडं रचायला लावलं. ते काम त्याच्या अकलेला कमीपणा आणणारं, म्हणून महिना उलटायच्या आत तो बायकोच्या भावाच्या लाँड्रीत कामाला गेला. तिथली मशीनं फार हळू फिरतात, असं तो म्हणतो, हे नवऱ्याने जेवताना तिला कौतुकाने सांगितलं.

“अरेरे,” ती म्हणाली, आणि आणखी वाढून घेतलं.