कबरीसाठी सुकट

आमच्या घरातलं मांजरसुद्धा शाकाहारी आहे, असं मी एकेकाळी पेठेत छाती पुढं काढून सांगायची. "दहीभात घाला, दूधभाकरी घाला, मुकाट खाती बघा," म्हणायची. आता कुणी असं काही बोललं की माझं डोकं फिरतं. राग खरा स्वतःचाच येतो, निघतो मात्र समोरच्यावर. आज माझ्याकडं दोन मांजरं आहेत आणि मागच्या कट्ट्यावर पत्र्याच्या डब्यात सुकट भरून ठेवलेली असते. कुणाला नाक मुरडायचं असेल तर खुशाल मुरडावं. ही अक्कल मला फार उशिरा आली.

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आमच्या दोन खोल्या आणि मागं चिमूटभर परस. घरात माणसं तीन: मी, आमचे मालक आणि सासू. आम्ही लिंगायत, आमच्यात सासूला अव्वा म्हणायचं. अव्वा रोज आंघोळ करून, कपाळाला विभूती ओढून, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजेला बसायची. ती उठेपर्यंत घरात चमचासुद्धा वाजवायचा नाही. मांसमच्छी सोडाच, अंड्याचं नाव काढायचं झालं तर आम्ही "ते पांढरं" म्हणायचो. अव्वा बोलायची कमी, बघायची जास्त. कुरुंदवाडहून लग्न होऊन आले त्या दिवसापासून मी त्या बघण्याला भ्यायले. माझं तोंड सगळ्या पेठेत चालायचं, फक्त अव्वापुढं न्हाय.

मालक इचलकरंजीला एका मागाच्या कारखान्यात कारकून होते. त्या साली मंदी आली आणि आठवड्यातले तीन-तीन दिवस माग बंद राहायला लागले. मी साड्यांना फॉल लावून द्यायची, त्यावर मीठ-मिरची भागायची. फॉल लावायला बसले की कबरी येऊन साड्यांच्या ढिगावर बसायची. कबरी म्हणजे आमची मांजरी, पांढरी, अंगावर काळे-तांबडे डाग. दिवसभर मी तिच्याशीच बोलायची, अव्वाच्या तक्रारीसुद्धा तिच्याच कानात सांगायची. मला मूलबाळ न्हवतं. मांजराशी किती बोलायचं याला मग काही धरबंध राहत न्हाय. तिचा एक दांडगा पोरगा होता, बोका. तो दिवसभर गावभर उंडारायचा आणि जेवायला तेवढा घरी यायचा.

थंडीत दोघांनाही सर्दी झाली. शिंका, डोळ्यांत चिपडं, नाकातून पाणी. बोका दोन दिवस पडून राहिला आणि तिसऱ्या दिवशी भिंतीवरून उडी मारून गेला. शेजारी मराठ्यांचं घर होतं, तिथली मावशी मासळीची डोकी बाहेर टाकायची, हा तिथं जाऊन बसायचा. चार दिवसांत ठणठणीत झाला. कबरी मात्र उंबऱ्याबाहेर कधी न जाणारी. बुधवारी तिनं दहीभाताकडं पाठ फिरवली, ती फिरवलीच.

कोल्हापुरात माणूस आजारी पडला की त्याला दूध पाजतात, आणि पैलवान झाला तरी दूधच पाजतात. मी काय वेगळं करणार? गुरुवारी पहाटे तांब्या घेऊन गावातल्या दूधकट्ट्यावर गेले. तिथं म्हशी उभ्या करून समोर धार काढून देतात. फेसाचं, ऊन-ऊन दूध पदराखाली झाकून पळत घरी आणलं. कबरीला टॉवेलात गुंडाळली, औषधाच्या ड्रॉपरनं दूध तोंडात सोडलं. निम्मं तिच्या गळ्यावर, निम्मं माझ्या लुगड्यावर. हाताला ओरखडे निघाले ते वेगळंच. "खा की गं भवाने! कुणासाठी एवढं करतीया मी?" म्हणून मी तिच्यावर ओरडले. अव्वा कोपऱ्यात माळ ओढत होती. तिनं वर बघितलं, परत माळ ओढायला लागली. शुक्रवारी पण दूध. त्या दुधानं कबरीला ढाळ लागले. अंगात होतं ते पण निघून गेलं.

शनिवारी सकाळी तिला बाजाराच्या पिशवीत घालून जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नेली. चालतच नेली, रिक्षा परवडणारी न्हवती. तिथं सगळ्या म्हशी आणि बैल, पुढ्यात खेड्यांतनं आलेले पावणे शेणात उभे, आणि मध्येच मी पिशवी छातीशी धरून. एक पावणं म्हणालं, "काय, कोंबडी आणलीसा व्हय?" सगळे हसले. मला रडायला येत होतं.

डॉक्टर मात्र चांगला होता. त्यानं तिचं तोंड उघडून बघितलं, पाठीची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली.

"काय घालताय हिला?"

"दूध. कट्ट्यावरचं, ताजं."

"म्हशीचं? ताई, ही काय पैलवान हाय? आधी दूध बंद करा!"

मग त्यानं नीट समजावून सांगितलं. मांजर वासावर खातं. नाक चोंदलं की त्याला अन्न अन्न वाटतच न्हाय. नाक मिठाच्या पाण्यानं पुसा, आणि उग्र वासाचं काहीतरी कोमट करून द्या. "सुकट आणा मूठभर. धुवून उकळा, तेच पाणी पाजा, तीच चुरून घाला. भाजीच्या पेंडीपेक्षा स्वस्त पडंल. पण आज घाला. मांजर उपाशी राहिलं की त्याचं लिव्हर खराब होतं, कातडी पिवळी पडती, मग देव आला तरी उपेग न्हाय." त्यानं इंजेक्शन दिलं, सलाईनची बाटली चिठ्ठीवर लिहिली. ती मी औषधाच्या दुकानातून आणली आणि त्यानं कातडीखाली सोडली. रोज एक बाटली घेऊन या म्हणाला. दुसरी आणायला माझा हात आखडला, खोटं कशाला बोलू?

घरी आले तर अव्वा दारातच बसलेली. "काय म्हणाला डॉक्टर?"

"दूध बंद करा म्हणाला."

एवढंच सांगितलं. सुकटीचं वाक्य माझ्या जिभेवर आलं आणि मी ते गिळलं. विभूती लावलेल्या त्या कपाळाकडं बघून, ह्या घरात मासळी शिजवते असं म्हणायची माझी छाती झाली न्हाय. संध्याकाळी मालकांना परसात गाठून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "खरं हाय गं. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी? तू सांग, माझ्याच्यानं व्हायचं न्हाय." आईचा थोरला लेक हा! त्या दिवशी मी कबरीला भाताची पेज पाजली. तिनं ती तशीच ओघळून दिली.

रविवारी दुपारी अव्वा मठात प्रवचनाला गेली. मी कबरीला पदरात घेऊन शेजारच्या मावशीकडं धावले. मावशी ऐकून कपाळावर हात मारून म्हणाली, "आगं मग कालच यायचं न्हाय व्हय? आण हिकडं. माझं घर काय लांब हाय?" तिनं डब्यातली सुकट काढली, दोन-चार पाण्यानं धुतली, पातेल्यात उकळत ठेवली. तो वास! मी तोंडाला पदर लावून दारात उभी राहिले. आणि कबरीनं, चार दिवस मान न उचललेल्या माझ्या कबरीनं, नाक हलवलं. एकदा, दोनदा. मावशीनं बशी पुढं केली तर तिनं जीभ लावली. चार-पाचदा चाटलं, सुकटीचा एक तुकडा तोंडात धरला, चावला, गिळला. मी मावशीच्या गळ्यात पडून रडले. "जगंल बघ," मावशी म्हणाली. "आता दर दोन तासाला घालायचं."

घरी येऊन मी डोक्यावरून आंघोळ केली, लुगडं धुवून टाकलं. कबरीचं तोंड हळदीच्या पाण्यानं पुसलं. मला वाटलं, सुटले. अव्वा आली, म्हणाली, "अवेळी आंघोळ?" मी म्हटलं, शेणात पाय पडला. अव्वानं बघितलं, नेहमीसारखंच. दोन तास झाले, चार तास झाले. अव्वा घरातच. मी काही गेले न्हाय.

दुसऱ्या दिवशी सोमवार. सोमवार आमच्यात महादेवाचा. त्या दिवशी अव्वा एकभुक्त राहायची, मीही राहायची, घर सारवल्यासारखं स्वच्छ असायचं. सकाळी अकराच्या सुमाराला मावशी मागच्या दारी आली, हातात वाटी, वर ताटली झाकलेली. ताटली असूनसुद्धा वास आलाच. आत पूजेवर अव्वा बसलेली. मी घाबरून हातानंच खुणावलं, नको, आज नको. मावशी कुजबुजली, "आगं मांजराला कसला सोमवार?" मी हात जोडले. "उद्या मावशी. उद्या सकाळी येते मीच."

वळून बघितलं तर पोत्यावर निजलेल्या कबरीनं मान उचलली होती. वाटी ज्या बाजूला गेली तिकडं तोंड करून बघत होती. मी ते बघितलं. बघितलं आणि दार लावून घेतलं. देवाधर्माच्या नावाखाली मी तिला परत उपाशी ठेवली. पण देवाला भ्यायले म्हणून न्हवे, तर अव्वाला भ्यायले म्हणून.

मंगळवारी अव्वा आंघोळीला गेली तशी मी कबरीला उचलून मावशीकडं नेली. मावशीनं बशी नाकाला लावली. काही न्हाय. बोटानं जिभेला रस लावला तर तो तसाच राहिला. तिच्या कानाची आतली कातडी पिवळी पडली होती. मावशीनं बशी खाली ठेवली आणि माझ्या पाठीवर हात फिरवायला लागली.

घरी आले. आता लपवायचं काही राहिलंच न्हवतं. लुगड्याला सुकटीचा वास येत होता तसाच घेऊन मी आत गेले. अव्वा पूजेच्या पाटावर बसायच्या बेतात होती. तिनं माझ्याकडं बघितलं, पाट बाजूला सारला आणि हात पुढं केले. कबरीला मांडीवर घेतलं. तिची लाळ अव्वाच्या धुवट लुगड्याला लागत होती, अव्वानं पुसलीसुद्धा न्हाय. दुपारच्या आधी कबरी गेली. शेवटाला एक उचकी दिल्यासारखं केलं, बास.

मग अव्वानं विचारलं, "डॉक्टर आणखी काय म्हणाला हुता?"

मी सगळं सांगितलं. सुकट, मावशी, रविवारची आंघोळ, कालची वाटी. सांगताना मान वर केली न्हाय. आता शिव्या बसतील, म्हणून वाट बघत होते.

"मग घालायची की," अव्वा म्हणाली.

"घरात?"

"मग काय मठात? मांजर हाय ते, पोरी. तिच्या गळ्यात कुठं लिंग हाय?"

मी कबरीच्या गळ्याकडं बघितलं.

"उंदीर कोण खात हुतं ह्या घरात? रोज सकाळी शेपट्या अन् पाय पडलेलं असायचं चुलीम्होरं. तू उठायच्या आधी मीच उचलून टाकत हुते. मग आंघोळ, मग पूजा. तुला शिसारी यील म्हणून सांगितलं न्हाय."

अकरा वर्षं मी ह्या बाईच्या हाताखाली राहिले आणि मला हे ठाऊक न्हवतं. मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

"मला इचारलं का न्हाईस?"

"भ्याले, अव्वा."

"कशाला?" तिचा आवाज चढला न्हाय. उलट बारीक झाला. "मी नको म्हणीन, अन् ह्या मुक्या जिवाला उपाशी मारीन, असं वाटलं तुला?"

"न्हाय अव्वा," मी म्हटलं. "असं न्हाय वाटलं."

अव्वा माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी खोटं बोलतेय हे तिला कळलं, आणि कळलंय हे मला दिसलं. तिनं कबरीला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं, भिंतीला धरून उठली. तिचे गुडघे दुखायचे, परसातलं काहीही काम निघालं की ती मला हाक मारायची. त्या दिवशी एकटीनंच कोपऱ्यातलं खुरपं घेतलं आणि परसात गेली. मी पाठोपाठ उठले, तर मागं न बघताच म्हणाली, "बस तू. मी खणते."