पार्सेच्या बेबिंकेचा सातवा थर

सांगलीहून निघताना बायकोने बजावलं, "तिकडे खा पोटभर, पण बडबड आवरा." पोर्तुगीज गोव्यात जे पदार्थ मागे ठेवून गेले ते खाऊन बघायला मी निघालो होतो, आणि माझी बडबड ती गेली तीस वर्षं ऐकते आहे.

डिचोलीला सकाळी उतरलो. बसस्थानकाबाहेर पदेर (दारोदार पाव विकणारा) सायकलचा भोंगा वाजवत चालला होता. त्याच्याकडून दोन गरम पोय (कोंड्याचे पोकळ पाव) घेतले आणि समोरच्या खानावळीत चोरीस मागवलं. व्हिनेगर आणि लाल मिरचीत मुरवलेलं हे डुकराचं मांस आंबट, तिखट आणि तेलकट असतं. पहिल्याच घासाला तेल शर्टावर ओघळलं.

"हो डाग जावचो ना. उगीच घासू नकात," मालक शांतपणे म्हणाला. त्याचं खरं होतं.

दुपारी मये तळ्याजवळ कोलंबीचं काल्दीन जेवलो. ही नारळाच्या दुधातली पिवळी, सौम्य कढी. नाव पोर्तुगीज, बाकी सगळं आपलंच. चोरीसने पेटलेल्या पोटाला बरं वाटलं.

मुक्काम पार्सेला, सुलभाताईंच्या घरी. त्या पाहुण्यांना दोन खोल्या देतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या परसात बेबिंका (थराथरांचा गोड केक) करायला बसल्या होत्या. मोरजीच्या ख्रिस्ती मैत्रिणीकडून शिकलेली. ही त्यांच्या मुलासाठी, अनिकेतसाठी होती. आजोबा पोर्तुगीज अमदानीत जन्मलेले, त्या कागदांवर त्याला तिकडचा पासपोर्ट मिळाला होता. संध्याकाळी मोपाहून विमान, पुढे लिस्बनला हॉटेलात नोकरी. चार वाजता घर सोडायचं होतं. पोर्तुगीजांचा पदार्थ पोर्तुगालला निघाला होता, याची मला मोठी गंमत वाटली.

अंड्यांचा बलक, साखर, मैदा आणि नारळाचं दूध असं मिश्रण. एक डाव ओतायचा, वर झाकण, झाकणावर सोडणांचे (नारळाच्या सालांचे) निखारे. थर तांबूस झाला की तूप सोडून दुसरा. असे सात.

"बसा, पण गजाली (गप्पा) नकात, भाऊ. नजर हलली काय थर गेलो."

मी चार थर गप्प बसलो. पाचव्याला राहवलं नाही. आमची लेक मुक्ता नोकरीसाठी बंगळूरला गेली तेव्हा घर कसं खायला उठलं, ते सांगू लागलो. तिची खोली, न वाजणारी बेल, दोघांपुरतंच शिजणारं जेवण. सुलभाताईंनी पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, धूर.

"आई गे! जळलो!"

झाकण काढलं तर पाचवा थर काळाठिक्कर. त्यांनी सुरीने तो अख्खा सोलून काढला आणि पुन्हा डाव ओतला. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. नारळ आणतो म्हणालो.

"खवून दूध काढूक आता वेळ खंय हा?"

मिश्रण मोजून सात थरांचंच होतं. बेबिंका सहा थरांवर संपली.

अनिकेत बॅग भरायला आला. कापलेली कड त्याने निरखून पाहिली. "आये, एक थर कमी कसो?"

चूक माझी, हे सांगायला मी तोंड उघडलं. सुलभाताईंनी हातानेच मला थांबवलं.

"तो हयंच रवलो," त्या म्हणाल्या. "तू येशीत तेव्हा ओतीन."

तो पाया पडायला वाकला आणि बराच वेळ वर उठला नाही.

मी निघताना सुलभाताईंनी तो सोललेला थर मला केळीच्या पानात बांधून दिला. "तुमचोच तो," म्हणाल्या आणि हसल्या, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. गोव्याला जाणाऱ्यांनी चोरीस खावं, काल्दीन खावं, शर्ट जुना घालावा. बेबिंका मात्र जिथे कुणी करत असेल तिथे जाऊन, गप्प बसून बघावी. मला पदार्थ खायचे होते, ते खाल्ले. पण कुणीतरी जाणाऱ्यासाठी रांधतं, तेव्हा त्यात काय काय ओततं, ते मला उशिरा कळलं, आणि वाईट वाटलं.

सांगलीत बायकोने करपलेला थर डब्यात काढला आणि एक तुकडा चाखला. "कडवट आहे. पण आतून गोड." मग मी सगळं सांगितलं. ती रागावली नाही. मी दुसरा तुकडा उचलायला गेलो, तर तिने डबा आपल्याकडे ओढून झाकण लावलं.

"राहू दे. शनिवारी मुक्ता येतेय."