टमाटरांच्या बुडाशी पुरलेली टरफलं

अंड्याची टरफलं झाडांना घाला, असं आता जो उठतो तो सांगतो. सुनेच्या मोबाईलवर एक बाई रोज हसत हसत तेच सांगते. मी तिथून उठून जातो.

सहा वर्षांपूर्वी आमच्या वाडीतले टमाटर बुडाशी काळे पडून सडत होते. राख टाकून झाली, फवारा मारून झाला. कोणी म्हणालं, मातीत चुना कमी आहे, टरफलं टाका. आमच्या घरी बायकोच्या गळ्यात माळ. अंडं हा शब्दसुद्धा तिला चालत नाही. म्हणून मी अड्याळच्या बाजारात अंड्याच्या ठेल्यावरून पिशवीभर टरफलं मागून आणली आणि बायको उठायच्या आत झाडांच्या बुडाशी पुरली. कुटली असती तर आवाज झाला असता. वरून बोटभर माती ओढली, झालं. त्या दिवशी अमावस्या होती, हे माझ्या ध्यानातही नव्हतं.

बायकोच्या ध्यानात होतं. सकाळी ती पाणी घालायला गेली, तर माती वाहून अर्धी अर्धी पांढरी टरफलं वर आली.

"अवसेच्या दिशी अंडे पुरले वो कोणी! करणी केली!"

हा 'कोणी' ठरायला वेळ लागला नाही. कुंपणापलीकडे एकच घर, आणि त्या घरी कोंबड्या. शेजारीण विधवा, एकटी राहणारी. कित्येक वर्षं आमच्याकडून तिला सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी जायची, तिच्याकडून लिंबं यायची. त्या सकाळी बायको कुंपणाशी उभी राहून ओरडली, "काहून वो, आमचं काय खुपून राहिलं तुले?"

"माहे अंडे बाजारात जाते बाई. तुह्या वाडीत कायले येतीन?"

मी ओसरीवर पेपर धरून बसलो होतो. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, करणी-बिरणी काही नसते हे मुलांकडून घोकून घेतलं. त्या दिवशी 'मी टाकली' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. वाटलं, दोन दिवसांत बायको शांत होईल. दोन दिवसांत ते गावभर झालं. नळावर बायका शेजारणीपासून लांब उभ्या राहू लागल्या, लेकरांना पदराआड घेऊ लागल्या. शेवटी तिनं कोंबड्या विकून टाकल्या. आणि टमाटर? ते सडायचे तसे सडलेच.

गेल्या आठवड्यात बायकोच्या फावड्याला एक टरफल लागलं. जसंच्या तसं.

"पाहा, अजून आहे तिची करणी!"

"ती टरफलं माझी आहेत," मी म्हणालो. "ठेल्यावरून मी आणली होती."

"अंडे? माह्या वाडीत?"

कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. एका बाईला आपण गावात वाळीत पाडलं आणि हिला विटाळाची पडली! पण मग ती मातीतच बसली. "मी तिले काय काय बोलली... तुमी तिथंच बसून होते ना?" मग उठून तिनं सांबार उपटला, जुडी बांधली. "चला. पयले तुमी बोला."

कुंपणाशी उभं राहून मी सगळं सांगितलं. शेजारीण तांदूळ पाखडत होती. तिचं सूप थांबलं नाही.

"कुटले होते का, भाऊजी?"

"नाही."

"अख्खे टाकले तं मातीत तशेच राह्यते. वाळवून, कुटून पीठ करा लागते. मले विचारलं असतं तं मीच देल्ले असते कुटून." तिनं खुराड्याकडे पाहिलं. त्यात सरपण रचलं होतं. "आता कुठून देऊ?"

सूप घेऊन ती आत गेली. जुडी बायकोच्या हातातच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळावर गेलो आणि रांगेतल्या बायकांना मोठ्यानं सांगितलं, टरफलं माझी होती. काहीजणी हसल्या. एकीनं, माझ्याच हाताखाली शिकलेल्या एकीनं, घागर नळाखाली ठेवली.

"करणी नसते हे तुमीच शिकवलं ना गुरुजी? मंग तेव्हा काहून नाही बोलले?"

घागर भरून वाहू लागली तरी ती उत्तराची वाट पाहत उभी होती.