फाटक्या कानाचा बैल

आमच्या गल्लीतला मूर्तीवाला माती कधी भाजत नसे. कापूस घालून मळायचा आणि सावलीत वाळवायचा. "उन्हाला दाखवली की तडकती," एवढंच बोलायचा. लातूर जिल्हा नवा झाला, पाणी मात्र आलं नाही. त्या दुष्काळात तो तांदूळ धुतलेल्या पाण्यावर माती मळत होता. चारा नाही म्हणून बैल विकलेले शेतकरी पोळ्याच्या पूजेसाठी त्याच्याकडे मातीचा बैल मागायला आले. "शिंगं कशी होती?" तो प्रत्येकाला विचारायचा. आम्हीही बैल विकला होता, पण मला त्यानं काहीच विचारलं नाही. आमचा बैल वर्षानुवर्षं त्याच्या दारावरून गेलेला. वाळलेला बैल हातात देत म्हणाला, "बघून घे, तुझाच हाय." डावा कान फाटका होता. घरी पाटावर ठेवला, तशी आईनं पुरणपोळी त्याच्या तोंडाशी धरली. म्हणाली, "खा रे माणक्या."