भिंगरीची टाच

सूतगिरणीत तिला सगळे भिंगरी म्हणायचे. खरं नाव हजेरीपटावर तेवढं उरलं होतं. सव्वीस वर्षं ती सूत कातणाऱ्या साच्यांच्या रांगांमधून फिरत होती. तुटलेला धागा दिसला की चिमटीत धरायचा, सांधायचा, पुढे निघायचं. सहा साचे तिच्याकडे. एकदा सुनेने तिच्या खिशात मोबाइल घालून मोजलं, तर एका पाळीत बारा किलोमीटर भरले. "आई, तुम्ही रोज दुसऱ्या गावाला जाऊन येता की हो!"

आणि आता हीच बाई सकाळी खाटेवरून पाय खाली टाकायला घाबरत होती. पहिलं पाऊल टेकलं की उजव्या टाचेत खिळा ठोकल्यागत कळ यायची, पार पोटरीपर्यंत. भिंतीला धरून दहा-बारा पावलं टाकली की जरा सैल पडायचं. पाळी संपत आली की पुन्हा तेच. आठ महिने झाले. मऊ चपला झाल्या, पोटऱ्या ताणायचे व्यायाम झाले, गोळ्या झाल्या.

गिरणीत तिने याचा पत्ता लागू दिला नव्हता. तिथे खात्यावर देखरेख करणारा जॉबर होता. लंगडणारी बाई दिसली की तो तिला दुसऱ्या दिवशी बांधणीत बसवायचा. मनाने वाईट नव्हता, पण बांधणीत गेलेली बाई साच्यावर परत आलेली भिंगरीने पाहिली नव्हती. आठ तास स्टुलावर बसून सुताचे शंकूसारखे कोन कागदात गुंडाळायचे, हे तिला नको होतं. म्हणून जॉबर रांगेच्या टोकाला दिसला की ती टाच टेकवून ताठ चालायची. चेहऱ्यावरची रेघ हलू द्यायची नाही. तो वळला की साच्याचा आधार घ्यायची.

शेवटी सुनेने तिला हाडांच्या डॉक्टरांकडे ओढत नेलं. "तळपायाचा पट्टा टाचेपाशी दुखावलाय," ते म्हणाले. "शॉकवेव्ह घेऊन बघू."

"शॉक?" भिंगरी खुर्चीतून अर्धी उठली. "डॉक्टर, माझं डोकं शाबूत आहे. टाचच तेवढी दुखते."

डॉक्टर हसले. यात करंट नसतो, आवाजाच्या लाटा कातडीवरून आत सोडतात, त्या ठोक्यांनी थंडावलेली जागा जागी होते आणि शरीर तिची डागडुजी सुरू करतं, असं त्यांनी समजावलं. आठवड्यातून एकदा जायचं. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, पण पुष्कळांना येतो.

उपचार करणारी पोरगी सुनेच्याच वयाची होती. तिने टाचेला थंडगार जेल लावलं आणि अंगठ्याने दाबत विचारू लागली, "इथे दुखतं?"

"ठीक आहे."

"आणि इथे?"

"चालेल."

"अहो काकू, चालेल काय? दुखतं की नाही?"

"थोडं."

यंत्राचं टोक टाचेवर टेकलं आणि टकटकटक सुरू झालं. साच्यांच्या आवाजापुढे हे काहीच नव्हतं. भिंगरी दगडासारखी पडून राहिली. दुसऱ्या आठवड्यातही तसंच. गुण मात्र शून्य. आणि इकडे जॉबरने सांगून टाकलं होतं, एक तारखेला साच्यांची नवी वाटणी होणार.

तिसऱ्या खेपेला ती दवाखान्यातल्या बाकावर बसेचना. दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या. "आई, बसा हो, त्या टाचेसाठीच आलोय ना आपण?" सून कावली. भिंगरी बसली, लगेच उठली.

आत पोरीने पुन्हा अंगठा दाबत विचारलं, "इथे?" चेहरा कोरा. अंगठा टाचेच्या आतल्या कडेला सरकला, तरीही चेहरा कोरा. पण उशाशी उभ्या सुनेला सासूच्या हाताची बोटं दिसली. ती चादर पिळत होती.

"ताई, थांबा," सून म्हणाली. "यांच्या तोंडाकडे बघू नका, हातांकडे बघा. गिरणीत दुखणं लपवून लपवून तोंड असंच झालंय त्यांचं."

पोरीने पुन्हा तिथेच दाबलं. बोटं पुन्हा आवळली.

"अरे देवा! काकू, दोन आठवडे मी शेजाऱ्यांचं दार वाजवत बसले! दुखणं कुठे आहे ते तुम्हीच सांगायचं असतं."

या वेळी यंत्र नेमकं त्या जागी बसलं आणि भिंगरी अशी ओरडली की बाहेरच्या बाकावरचा एक म्हातारा उठून उभा राहिला.

"आता कसं!" पोरगी जोर जरा कमी करत म्हणाली. मग बजावलं, दोन दिवस ठणकेल, विचारल्याशिवाय सुजेच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, आणि काही आठवडे चालणं कमी.

"बारा किलोमीटर?"

"त्याच्या निम्मंही नाही."

दुसऱ्या दिवशी घरून निघताना भिंगरीने देवापुढे हात जोडले, पण काय मागावं तेच सुचेना. टाच मागावी की साचे? गिरणीत ती सरळ जॉबरपुढे गेली. तिथल्या आवाजात ओठांवरूनच बोलणं ओळखायचं असतं, म्हणून शब्द सुटे सुटे करून म्हणाली, "माझी टाच दुखते. आठ महिने."

त्याने बांधणीकडे बोट केलं.

ते आठवडे कसे गेले ते तिलाच ठाऊक. स्टुलावर ती दर दहा मिनिटांनी कूस बदलायची. शेजारीण म्हणाली, "बाई, तुझ्या स्टुलाला मुंग्या आहेत का गं?" त्यात आणखी दोन खेपा झाल्या, पोटऱ्या ताणणं रोजचं झालं. सकाळची कळ हळूहळू बोथट होत गेली. सहाव्या आठवड्यात एक दिवस ती भिंतीला न धरता मोरीपर्यंत गेली.

त्याच दिवशी ती जॉबरसमोर उभी राहिली. त्याने तिला रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं. परत येताना टाचेत बारीकशी कळ आली. जुन्या सवयीने मान ताठ झालीच होती.

"दुखतं?" त्याने ओठांनी विचारलं.

भिंगरी थांबली. "थोडं," ती म्हणाली. "पण पहिल्यासारखं नाही."

त्याने तीन बोटं दाखवली. तिने चार. त्याने मान हलवून पुन्हा तीनच दाखवली.

तीन तर तीन साचे. पहिल्या फेरीत तिचे धागे शहाण्यासारखे चालले. पलीकडे चौथ्या साच्यावर एक धागा तुटून लोंबत होता. तिचा पाय उचललाच होता. मग तिने त्या साच्याच्या बाईला हात करून तो दाखवला आणि आपल्या रांगेत वळली.